जुन्या छोट्या विमानाची बॅटरी बदलायची आहे? निवड कशी करावी

सियागंजच्या बाजारात सगळं मिळतं, ही इंदूरकराची श्रद्धा आहे आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. त्यामुळे हँगरमध्ये उभ्या असलेल्या पन्नास वर्षं जुन्या विमानाची बॅटरी बसली, की पहिला सल्ला हाच मिळतो: माप घेऊन जा आणि त्याच मापाची गाडीची बॅटरी उचलून आणा. दुकानदारही म्हणणार, ‘भिया, बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट.’ पण व्होल्ट हा या निवडीतला सगळ्यात सोपा भाग आहे. विमानाला कोणती बॅटरी चालेल हे त्याच्या कागदांत आधीच ठरलेलं असतं. आपण ते शोधायचं आणि दोन-तीन पर्याय उरले, तर त्यांतून निवडायचं. बाजार सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी सेसना १५० घेऊ. हे दोन आसनी विमान १९५८ ते १९७७ या काळात बनलं. पायपर कबसारख्या त्याहून जुन्या विमानांत बहुधा बॅटरीच नसते, पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करतात. अशा विमानाच्या मालकांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

आधी दोषी कोण ते ठरवा

सेल्फ फिरत नाही म्हणजे बॅटरी गेली, असं नाही. गंजलेली अर्थिंगची पट्टी, सैल टर्मिनल, झिजलेला सोलेनॉइड (सेल्फला वीज देणारा स्विच) यांचीही लक्षणं तीच असतात. म्हणून बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा, काही तास शांत ठेवा आणि मग तपासा.

पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची नळी, घ्या. प्रत्येक सेलमधून द्रव ओढायचा, नळी उभी धरायची, तरंगता काटा काचेला चिकटलेला नाही हे पाहायचं आणि डोळा द्रवाच्या पातळीवर आणून आकडा वाचायचा. विमानाच्या बॅटरीचं तेजाब गाडीच्या बॅटरीपेक्षा तीव्र असतं. पूर्ण चार्ज झाल्यावर आकडा १.२७५ ते १.३०० दरम्यान हवा. पाच सेल १.२८५ दाखवताहेत आणि सहावा १.२३० वरच अडकलाय, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही.

खरा निकाल मात्र क्षमता चाचणीत लागतो. २४ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असेल तर तिच्यावर २४ ॲम्पिअरचा भार लावायचा आणि व्होल्टेज १० वर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नवी बॅटरी तासभर टिकते. ४८ मिनिटांच्या आत, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली बसली, तर साधारणपणे ती उड्डाणाला अयोग्य धरतात. तुमच्या बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. नुसतं इंजिन चालू होतं यावर समाधान मानू नये. मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या इंजिनाला हवेत बॅटरी लागतच नाही. ती लागते जनरेटर बंद पडल्यावर रेडिओ आणि दिवे चालू ठेवायला, आणि अर्धमेली बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते.

याच टप्प्यावर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, तोही तपासून घ्या. जुन्या विमानांत तो बऱ्याचदा यांत्रिक, पॉइंटवाला असतो. चार्ज झालेली बॅटरी जोडून, इंजिन मध्यम फेऱ्यांवर ठेवून व्होल्टेज मोजा. बारा व्होल्टच्या यंत्रणेत ते १४ च्या आसपास हवं. १५ कडे झुकत असेल, किंवा बॅटरीत सारखं पाणी घालावं लागत असेल, तर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाईल. मे महिन्यात, पत्र्याच्या हँगरमध्ये, हे आणखी लवकर होतं. मालव्याच्या रात्री सुखाच्या असतात हे खरं, पण दुपारी पारा चाळीशी ओलांडतो आणि बॅटरीचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. उन्हाळ्यात चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमीच बरं.

मग कागद उघडा

विमानाची उपकरणयादी, देखभाल पुस्तिका आणि टाइप सर्टिफिकेटची (त्या मॉडेलच्या मूळ मान्यतेची) माहितीपत्रिका हे तीन कागद समोर घ्या. त्यांत बॅटरीचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि क्षमता मिळेल. व्होल्टच्या बाबतीत अंदाज चालत नाही. सेसना १५० बारा व्होल्टवर चालतं, पण दिसायला जवळपास तसंच असलेलं सेसना १५२ चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर.

यादीतलाच पार्ट नंबर मिळाला तर काम सरळ आहे. वेगळी बॅटरी बसवायची असेल तर ‘बसते’ हे कारण पुरत नाही. त्या बॅटरीला तुमच्या मॉडेलसाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मूळ रचनेतल्या बदलाची मान्यता) किंवा तशी मान्यता हवी आणि ती डीजीसीएला, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकालाही, मान्य असावी लागते. इथे विमानाच्या एएमईंना, म्हणजे परवानाधारक देखभाल अभियंत्यांना, आधीच विचारलेलं बरं. सही तेच करणार आहेत, आणि बॅटरी आणल्यावर ‘साहेब, हिला तेवढं पास करा’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रकार कोणता घ्यावा

पाण्याची बॅटरी स्वस्त असते आणि सेलनिहाय तपासता येते. तिच्या झाकणांत शिशाच्या वजनाची झडप असते. विमान कलंडलं तर ती बंद होते आणि तेजाब बाहेर येत नाही. गाडीच्या बॅटरीला ही सोय नसते, तिथेच सियागंजाचा विषय संपतो. मात्र या बॅटरीला पाण्याची देखरेख लागते, आणि वाफ विमानाच्या पोटाखालून बाहेर नेणारी नळी मोकळी ठेवावी लागते. पेटीच्या तळाशी पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसला, तर तेजाब ॲल्युमिनियमपर्यंत पोचलंय असं समजा.

सीलबंद एजीएम बॅटरीत तेजाब काचतंतूंच्या चटयांमध्ये शोषलेलं असतं. सांडत नाही, पाणी घालायचं नाही. महिन्यातून दोनदा उडणाऱ्या खासगी विमानासाठी, मान्यता असेल तर, माझं मत हिलाच. पैसे जास्त जातात, पण गळक्या तेजाबानं खाल्लेला पत्रा बदलण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. फक्त ती पूर्ण उतरू देऊ नका, आणि एजीएमसाठी नसलेल्या चार्जरवर लावू नका.

लिथियमचा मोह वजनामुळे होतो. मान्यताप्राप्त लिथियम बॅटऱ्या आहेत, पण जुना पॉइंटवाला रेग्युलेटर आणि लिथियमच्या आतली संरक्षक इलेक्ट्रॉनिक्स यांचं पटेलच असं नाही. यंत्रणा आधुनिक केली नसेल तर मी या वाटेला जाणार नाही.

ॲम्पिअर-तासांचा घोटाळा

फसगत होते ती इथे. विमानाच्या बॅटरीची क्षमता सहसा एका तासाच्या दरानं मोजतात, गाडीच्या बॅटरीची वीस तासांच्या. शिसे-आम्ल बॅटरी हळू उपसली की जास्त देते. त्यामुळे गाडीच्या बॅटरीवरचे ३५ आणि विमानाच्या बॅटरीवरचे ३५ सारखे नसतात. तुलना करण्याआधी दर कोणता लिहिलाय ते बघा.

गरज काढणं सोपं आहे. समजा रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) आणि नेव्हिगेशन दिवे मिळून ८ ॲम्पिअर घेतात. शंभर वॉटचा लँडिंग दिवा एकटाच आणखी ८ घेतो. तो शेवटची पाच मिनिटंच लावला, तर अर्ध्या तासाला पाचेक ॲम्पिअर-तास पुरतात. २४ ची बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरी १९ देते. म्हणजे मोठ्या बॅटरीच्या मागे लागायचं कारण नाही.

वजनाचा हिशेब

बॅटरी कुठे बसते ते पाहा, काही विमानांत इंजिनामागच्या भिंतीवर, काहींत थेट सामानाच्या कप्प्यामागे. समजा रिकामं विमान ५५० किलोचं आहे आणि बॅटरी गुरुत्वमध्यापासून २ मीटर मागे आहे. बारा किलोची काढून तीन किलोची बसवली, तर ९ गुणिले २, म्हणजे १८ किलो-मीटरचा फरक पडतो. त्याला ५४१ नं भागा, गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकला. अशा विमानांत पुढची-मागची मिळून सगळी मोकळीकच दहा-पंधरा सेंटिमीटरची असते. एकट्या वैमानिकाला हे लँडिंगच्या वेळी जाणवतं. म्हणून वजन-संतुलनाचा कागद नव्यानं करा.

आता खरेदी

या बाजारात गिल आणि कॉनकॉर्ड ही दोन अमेरिकी नावं सारखी भेटतात. विक्रेत्याकडून अधिकृत रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला, मागा. ते नसेल तर बॅटरी कितीही चकचकीत असो, नको. उत्पादनाची तारीख बघा. गोदामात उन्हाळा काढलेली सीलबंद बॅटरी हातात आल्यावर १२.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल, तर आधी चार्ज आणि क्षमता चाचणी, मगच पावतीवर सही. मागवताना वाहतुकीचाही विचार करा. धोकादायक मालाच्या क्रमांकांत तेजाब भरलेली बॅटरी यूएन २७९४ खाली आणि न सांडणारी यूएन २८०० खाली येते. पहिली पाठवायला कुरिअरवाले कुरकुरतात. कोरडी बॅटरी मागवली तर तिच्यात कंपनीनं सांगितलेल्या घनतेचंच तेजाब भरा, कोपऱ्यावरच्या दुकानातलं नको.

बसवताना हातातलं कडं, घड्याळ काढून ठेवा. मायनस आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. पेटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, कोरडी करून, आम्लरोधक रंग नीट आहे का पाहूनच नवी आत ठेवा. लॉगबुकात पार्ट नंबर, सिरीयल नंबर आणि पुढच्या क्षमता चाचणीची तारीख लिहून एएमईंची सही घ्या.

जुनी बॅटरी भंगारात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यापर्यंत पोचायला हवी. परत घेतो का, हे विक्रेत्याला नवी मागवतानाच विचारून ठेवा.