दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी गोव्यातले घर कसे मांडावे

मुलाने स्वतःच्या हातांनी करून शिकण्याची मॉन्टेसरी पद्धत म्हटली की पुष्कळ पालकांच्या डोळ्यांसमोर गुलाबी मनोरा उभा राहतो आणि पाठोपाठ त्याची किंमतही. वास्तविक १ ते १० सेंटिमीटर बाजूंचे ते दहा ठोकळे साधारण तिसऱ्या वर्षापासूनच्या मुलांचे साधन आहे. त्याआधीच्या वयाला लागणारे बहुतेक सगळे सामान डिचोली-फोंड्याकडच्या कोणत्याही घरात आधीच असते. ते मुलाच्या हाताला लागेल असे ठेवणे आणि नंतर आपला हात आवरणे, एवढेच काम मोठ्यांकडे उरते. त्यातला दुसरा भाग अधिक कठीण आहे.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धामुळे त्यांचा भारतातला मुक्काम अनेक वर्षे लांबला. मात्र त्यांची पद्धत त्याआधीच इथे पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी ती आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली, आणि १९४५ नंतर ताराबाईंनी पालघरकडच्या बोर्डी गावाच्या परिसरात ती थेट अंगणात नेली. ज्यांच्या घराला अजून राजांगण (घराच्या मधला उघडा चौक) किंवा सारवलेले अंगण आहे, त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही बाल्कनीचा एक कोपरा पुरतो.

आरंभ मांडणीपासून करावा. मुलाच्या छातीपेक्षा उंच नसलेली एक फळी किंवा पाट घेऊन त्यावर पाच-सहाच वस्तू, प्रत्येक वेगळ्या ताटलीत, रोज त्याच जागी ठेवाव्यात. खेळण्यांची टोपली भरून ठेवली की मूल ती उपडी करते आणि निघून जाते, कारण निवड करायला त्याला काही दिसतच नाही. या वयात मुलाला क्रमाची विलक्षण ओढ असते. आजोबांच्या खुर्चीवर पाहुणा बसला म्हणून दोन वर्षांचे मूल रडते तेव्हा आपण त्याला हट्टी ठरवतो, पण त्याच्या दृष्टीने घराची घडीच मोडलेली असते. चपला पडवीत, टॉवेल मुलाच्या उंचीच्या खुंटीला, पाण्याचा पेला त्याच्या पाटावर, अशा ठरलेल्या जागांनी निम्मे रडणे टळते, असा माझा अनुभव आहे.

आता एक काम सविस्तर पाहू. पाणी ओतण्यासाठी चोच असलेले दुधाचे छोटे भांडे, काचेचा जाड लहान पेला आणि फडके एका ताटात ठेवावे. भांडे अर्धेच भरावे. पाण्याची पातळी नीट दिसावी म्हणून त्यात दोन सोले (कोकमे) भिजवून लाल रंग आणता येतो. मात्र त्या दिवशी मुलाला पांढरा झबला घालू नये. मुलाशेजारी बसून, एक शब्दही न बोलता, अतिशय सावकाश पाणी ओतून दाखवावे. चोचीवरचा शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबावे, तो थेंब फडक्याने टिपावा आणि ताट त्याच्याकडे सरकवावे. बोलत बोलत दाखवले तर मूल आपल्या तोंडाकडे पाहते आणि हात पाहायचे राहून जाते. पाणी सांडणारच. सांडलेले पाणी हीच त्याची चूक दाखवणारी गोष्ट असल्यामुळे आपण वेगळे काही सांगण्याची गरज नसते. फडके कुठे आहे एवढेच विचारावे. काच यासाठी की ती जपून धरावी लागते, हे हाताला स्टीलच्या पेल्याने कधीच कळत नाही. हे काम सलग दहा-बारा वेळा चालले तर मध्ये ‘शाब्बास’ म्हणण्याचाही मोह टाळावा, कारण त्या एका शब्दाने त्याची तंद्री मोडते. घरच्या आज्यांना हे सर्वात जड जाते.

हे जमू लागले की याच रीतीने पुढची कामे द्यावीत, पण एका वेळी अडचण एकच नवी असावी. उकडे तांदूळ एका करवंटीतून दुसरीत डवलीने (करवंटीच्या पळीने) घालायचे असतील, तर करवंट्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि त्या डुलू नयेत म्हणून कापडाच्या चुंबळीवर ठेवाव्यात. पिकलेले केळे बोथट सुरीने कापणे, मेथीची पाने खुडणे, तुळशीला छोट्या तांब्याने पाणी घालणे ही सगळी खरी कामे आहेत आणि मुलाला खोट्या भातुकलीपेक्षा तीच हवी असतात. आडोळी, म्हणजे विळी, अर्थातच त्याच्या वाटेत नसावी. तीन वर्षांखालच्या मुलाला चणे, शेंगदाणे, लहान शिंपल्या देऊ नयेत. गुंजा तर विषारी असतात. पाण्याजवळ, मग ती विहीर असो वा न्हाणीतली बादली, त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

शब्द शिकवण्याला चतुर्थीइतका चांगला काळ नाही. गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगून केलेली माटोळी उतरवल्यावर त्यातला नारळ, चिबूड आणि अंबाडा चटईवर मांडावा. आधी फक्त नावे सांगावीत: हा नारळ, हा चिबूड, हा अंबाडा. मग ‘चिबूड मला दे’, ‘नारळ आजीकडे ने’ असे सांगावे. मूल याच पायरीवर सर्वाधिक वेळ रमते, तेव्हा घाई करू नये. ‘हे काय?’ हा प्रश्न शेवटी. उत्तर चुकले तर न सुधारता दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर यावे. आजी कोकणीत आणि आई मराठीत बोलत असेल तर दोघींनी तसेच बोलत राहावे. मूल दोन्ही भाषा घेते. शाळेच्या भीतीने दोघींनी त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलणे मात्र मला पटत नाही.

फळीवरच्या एखाद्या वस्तूकडे आठवडाभर मूल वळले नाही, तर ती काही न बोलता उचलून ठेवावी आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा त्याच जागी मांडून पाहावी.