एडिट फॉर्ममधून अपलोड केलेला फोटो डिलीट कसा करायचा (रो पण, फाईल पण)

फोटो अपलोड करायचा कोड कुठेही मिळतो, कॉपी-पेस्ट केला तरी चालून जातो. तोच फोटो काढायची वेळ आली की मात्र घोळ सुरू होतो, कारण फोटो दोन जागी असतो. डेटाबेसच्या रो मध्ये (टेबलमधली एक ओळ) फक्त त्याचं नाव असतं, खरी फाईल पडलेली असते सर्व्हरवरच्या अपलोड्स फोल्डरमध्ये. नुसती रो उडवली की फाईल बेवारस राहते, नुसती फाईल उडवली की पानावर तुटक्या चित्राचं चिन्ह दिसतं. (फोटो थेट डेटाबेसमध्येच ब्लॉब म्हणून, म्हणजे फाईलचा अख्खा डेटाच, ठेवत असाल तर काम सोपं, कॉलम नल म्हणजे रिकामा केला की झालं, पण बॅकअप फुगत जातो.) खाली पीएचपी आणि मायएसक्यूएल धरून सांगतोय, बाकी भाषांतही गणित तेच.

पायरी १ – फॉर्म

एडिटचं पान उघडलं की नाव, पत्ता वगैरे बॉक्स जुन्या माहितीने भरता येतात, फाईलचा बॉक्स मात्र कायम रिकामाच येणार, कारण सिक्युरिटीसाठी ब्राउझर तो आधीच भरू देत नाही. म्हणजे कोणी नुसता फोन नंबर बदलून सेव्ह दाबलं तरी फाईलचा बॉक्स रिकामाच येतो, आणि पीएचपीत त्याचा एरर कोड ४ असतो, अर्थ इतकाच की फाईल निवडलीच नाही. इथे नवशिके हमखास फसतात, रिकामं आलं म्हणून कॉलममध्येही रिकामं लिहून टाकतात आणि मग फोन येतो की माझा फोटो कुठे गेला!

तेव्हा रिकाम्या बॉक्सचा अर्थ "जुना राहू दे" एवढाच धरा. काढण्यासाठी वेगळा चेकबॉक्स द्या, जुन्या फोटोची छोटी इमेज आणि त्याखाली "हा फोटो काढून टाका". चेकबॉक्सवर टिक नसेल तर त्याचं नाव सर्व्हरकडे येतच नाही, म्हणून व्हॅल्यू काय आहे हे बघण्याआधी तो आलाय का ते पीएचपीच्या आयसेट फंक्शनने तपासा. आणि कोणी टिकही केली, वर नवीन फाईलही निवडली तर? जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अशा वेळी एरर दाखवतं की दोन्हीपैकी एकच करा. मला विचाराल तर सरळ नवीन फोटो घ्यावा आणि जुना काढावा, त्या माणसाला तेच हवं असतं बहुतेक.

पायरी २ – डिलीट कधीही साध्या लिंकवर ठेवू नका

लिस्टच्या पानावर प्रत्येक फोटोपुढे डिलीटची साधी लिंक देणं सोपं वाटतं, पण लिंक म्हणजे गेट रिक्वेस्ट (नुसतं पान मागवणारी), आणि ती माणसानेच दाबली पाहिजे असं काही नाही. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं टूल काढलं होतं, ते पान लवकर उघडावं म्हणून पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, त्यात लोकांच्या डिलीटच्या लिंकाही उघडल्या गेल्या आणि डेटा गायब. म्हणून डिलीट म्हणजे पोस्टवाला छोटा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे ओळखायचा गुप्त कोड), आणि बटण दाबल्यावर एकदा "नक्की?" विचारणं.

पायरी ३ – फाईलचं नाव फॉर्मकडून घेऊ नका

हिडन फील्डमध्ये फाईलचं नाव ठेवून तेच अनलिंकला (पीएचपीचं फाईल उडवणारं फंक्शन) देणारा कोड मी बराच पाहिलाय. हिडन म्हणजे लपवलेलं, लॉक केलेलं नाही. कोणीही ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये जाऊन तिथे दोन टिंबं आणि स्लॅश टाकून वरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिगचं नाव लिहू शकतो, आणि तुमचा कोड इमानदारीत ती फाईल उडवेल. फॉर्ममधून फक्त रो चा आयडी घ्या, लॉगिन केलेल्या माणसाचीच ती रो आहे ना ते बघा, नाव डेटाबेसमधून काढा, आणि तरीही ते बेसनेममधून (फोल्डरचा पत्ता काढून नुसतं फाईलचं नाव ठेवणारं फंक्शन) गाळून घ्या.

पायरी ४ – क्रम, हा चुकवू नका

समजा रो ५७ चा फोटो काढायचाय. आधी सिलेक्ट करून फाईलचं जुनं नाव एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा (हे विसरलात तर अपडेट झाल्यावर ते नाव कुठेच मिळणार नाही). मग अपडेट करून फोटोचा कॉलम नल. मग कमिट, म्हणजे बदल पक्का करणं. आणि कमिट झाल्यावरच अनलिंक.

उलटा क्रम का नको, तर डेटाबेसचा व्यवहार अडकला तर रोलबॅक होतो, म्हणजे बदल मागे घेतले जातात, पण उडवलेली फाईल रोलबॅकने परत येत नाही. जँगो पूर्वी रेकॉर्ड डिलीट केला की फाईलही आपोआप काढायचं, याच भानगडीमुळे २०११ च्या १.३ व्हर्जनपासून त्यांनी ते बंद केलं. आपल्या क्रमात वाईटात वाईट काय होईल, एक फाईल उगाच पडून राहील, ती नंतर झाडता येते. गेलेला फोटो मात्र बॅकअप नसेल तर गेलाच.

अनलिंकच्या आधी एक चेक मात्र घालाच. माझ्या एका जुन्या कामात, ज्यांनी फोटो दिला नाही त्यांच्या कॉलममध्ये मी सरळ डीफॉल्ट फोटोचं नाव भरून ठेवलं होतं, सगळ्यांचा एकच राखाडी बाहुला. एकाने "फोटो काढून टाका" वर टिक केली, कोडने सांगितलेलं काम केलं, आणि सगळ्यांचे बाहुले एकदम गायब! अर्धा दिवस मी डेटाबेसमध्येच शोधत बसलो. तेव्हापासून फोटो नसेल तर कॉलम नल, डीफॉल्ट फोटो दाखवायचं काम पानाचं. तसंच एकच फाईल दोन रो वापरत असतील तर आधी काऊंट घ्या, शून्य आला तरच उडवा.

थंबनेल विसरू नका, मोठा फोटो जातो आणि त्याची लहान पोरं मागे राहतात. अनलिंक फेल झालं तर युजरला एरर दाखवून उपयोग नाही, लॉगमध्ये लिहा. लिनक्सवर बहुतेक वेळा दोष परमिशनचा निघतो आणि तिथे फाईलची नाही तर फोल्डरची राइट परमिशन लागते, हे कळेपर्यंत लोक फाईललाच परमिशन देत बसतात.

आणि हो, ऑन डिलीट कॅस्केड लावलं असेल तर मुख्य रेकॉर्डसोबत फोटोच्या रो जातात, फाईली नाही, डेटाबेसला तुमचं फोल्डर माहीतच नसतं. म्हणून मुख्य रेकॉर्ड उडवायच्या आधी सगळ्या फोटोंची नावं गोळा करा.

पायरी ५ – झाडू

एवढं करूनही थोडा कचरा साचतोच. आठवड्यातून एकदा क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) एक स्क्रिप्ट चालवा, फोल्डरमधल्या फाईली एकीकडे, डेटाबेसमधली नावं दुसरीकडे, ज्यांना वाली नाही त्या बाजूच्या फोल्डरमध्ये हलवा, लगेच डिलीट नको. फक्त २४ तासांपेक्षा जुन्याच फाईली घ्या, नाहीतर आत्ता कोणी अपलोड करतोय आणि रो अजून बनायचीये अशी फाईलही झाडली जाईल.

शेवटी टेस्ट. डिलीट करायच्या आधी फोटोची थेट यूआरएल कॉपी करून ठेवा, मग डिलीट करून ती इन्कॉग्निटोमध्ये उघडा, ४०४ आला पाहिजे. फोटो दिसतोच आहे आणि फोल्डरमध्ये फाईल खरंच नाही, तर सीडीएनच्या (फाईलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) कॅशमध्ये अडकलाय, तिथून पर्ज करा, म्हणजे ती साठवलेली प्रत काढा. आणि बदललेल्या फोटोच्या जागी जुनाच दिसत असेल तर तुम्ही नवीन फाईल जुन्याच नावाने सेव्ह करताय, दर अपलोडला नवं रँडम नाव द्या.