टीव्ही घ्यायला निघायच्या आधी हॉल मोजा

गणपती-दसरा आला की आमच्या नात्यात कोणाला तरी टीव्ही घ्यायचा असतोच आणि मग मला फोन येतो की अरे कुठला घेऊ, आणि मी दरवेळी एकच उलटा प्रश्न विचारतो की सोफ्यावर बसल्यावर डोक्यापासून समोरची भिंत किती फुटांवर आहे. हे जवळपास कोणीच मोजलेलं नसतं. किंमत पाहिलेली असते, ऑफर पाहिलेली असते, पण हॉल मोजलेला नसतो. म्हणून आधी टेप काढा, मोबाईलवर आकडे लिहून ठेवा, मगच टीव्हीच्या दुकानात जा, गोखले रोडला नाहीतर वाशीला.

उदाहरण देतो. मावशी नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहते, हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेनऊ फूट, त्यात सोफा धरला तर बघणाऱ्याचे डोळे टीव्हीपासून साधारण आठ फुटांवर. टीव्हीचा इंचाचा आकडा कर्णाचा असतो, म्हणजे तिरका मोजलेला, त्यामुळे ४३ इंची टीव्हीची रुंदी तीन फुटांपेक्षा थोडी जास्त भरते आणि ५५ इंचीची चार फूट. ही रुंदी का सांगतोय तर जुन्या घरात भिंतीला शोकेस असतं, त्यातला टीव्हीचा खण ३२ इंचासाठी बनवलेला असतो आणि नवीन टीव्ही त्यात बसत नाही, मग सुताराला बोलवा, अर्धं शोकेस कापा, असा सगळा खर्च मागाहून निघतो. फोरके, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या टीव्हीसाठी सोपा हिशोब असा की इंचाच्या आकड्याला दीडने गुणा, तेवढ्या इंचांवरून बघायला छान वाटतं, म्हणजे ५५ ला साधारण सात फूट, ४३ ला साडेपाच फूट. या हिशोबाने मावशीकडे ५५ आरामात चालला असता. तरी मी ४३ च घ्यायला लावला.

कारण मावशी बघते काय तर केबलवरच्या मराठी मालिका आणि बातम्या, त्याही साध्या एसडी पॅकवर. एसडी चित्रात उभ्या बाजूने फक्त ५७६ ओळी असतात आणि फोरके पॅनलवर २१६० ओळी, म्हणजे मधलं सगळं टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावं लागतं, मग स्क्रीन जितकी मोठी तितके चेहरे पुसट आणि मेणासारखे दिसतात. लोक म्हणतात एवढे पैसे घालून जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतंय, टीव्ही खराब निघाला. टीव्ही खराब नसतो हो, सिग्नल साधा असतो. मोठा टीव्ही घेणार असाल तर आधी केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या. याउलट ताईकडे घोडबंदर रोडला सगळं ओटीटीवर आणि मॅच बघायची हौस, तिकडे ५५ लाच मजा आहे, फक्त वायफाय हॉलपर्यंत नीट पोचतं का बघा, नेटफ्लिक्स स्वतः फोरकेसाठी १५ एमबीपीएस स्पीड सांगतं.

आता नावांचा गोंधळ. क्यूलेड म्हणजे नेहमीचा एलईडी टीव्हीच, मागे लाईट, पुढे पॅनल, मध्ये रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि भरपूर असतात, ते भागाभागाने कमी-जास्त करता येतात म्हणून काळा रंग बराच काळा दिसतो. ओलेडमध्ये मागे लाईटच नसते, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, रात्री सिनेमा बघायला त्याच्यासारखं काही नाही. पण ज्या घरात न्यूज चॅनल सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतं तिकडे मी ओलेड घेऊ देणार नाही, चॅनलचा लोगो आणि खालची पट्टी एकाच जागी राहून स्क्रीनवर कायमची उमटायची भीती असते. स्वस्त टीव्हीवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र, असं लिहिलेलं असेल तर उजेड किती निट्स (उजेडाचं माप) ते विचारा, अडीचशे-तीनशे असेल तर त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

शोरूममध्ये सगळेच टीव्ही भारी दिसतात कारण तिथे उजेड वेगळा, व्हिडिओ खास शूट केलेला आणि टीव्ही सगळ्यात भडक मोडवर. सेल्समनला सांगा की पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करून दाखवा, आणि पेनड्राईव्हमध्ये स्वतःचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, एक रात्रीच्या अंधाराचा, एक मॅचचा, एक मोबाईलवर काढलेला घरच्या माणसांचा. आपल्या माणसांच्या चेहऱ्याचा रंग बरोबर दिसतो का हे आपल्याला लगेच कळतं, फुलं आणि धबधबे बघून काही कळत नाही. मग एका बाजूला जाऊन तिरके उभे राहा आणि खाली वाकूनही बघा. आपल्याकडे कोणी सोफ्यावर, कोणी खाली सतरंजीवर, कोणी किचनच्या दारातून पोळ्या लाटता लाटता बघतं. एलईडी टीव्हीत पॅनलचे दोन मुख्य प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनल समोरून मस्त पण बाजूने रंग उडतात, आयपीएस बाजूने टिकतं पण अंधारात काळा रंग राखाडी दिसतो. ताईच्या टॉवरमध्ये टीव्हीच्या बरोबर समोर मोठी स्लायडिंग खिडकी आहे, दुपारी स्क्रीनमध्ये आख्खी बाल्कनी दिसते, तिला शेवटी जाड पडदा लावावा लागला, तेव्हा बंद टीव्हीच्या काचेत किती प्रतिबिंब दिसतं तेही बघून घ्या.

आवाजाकडे कोणी बघत नाही. बारीक टीव्हीचे स्पीकर खालच्या दिशेला असतात, पावसाळ्यात बाहेर पत्र्यावर पाऊस आणि वर फुल स्पीडला पंखा असला की वयस्कर माणसांना संवादच ऐकू येत नाहीत. साउंडबार लावायचा विचार असेल तर एचडीएमआयचा जो पोर्ट एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा) लिहिलेला आहे त्यातच तो लागतो, आणि टीव्ही भिंतीला चिकटवणार असाल तर पोर्ट बाजूला आहेत का ते मागे हात घालून बघा, सरळ मागे असले की नंतर वायर घालायला टीव्ही उतरवावा लागतो. रिमोट हातात घ्या. आजकाल बऱ्याच रिमोटवर आकडेच नसतात, घरातल्या आजी-आजोबांना तो चालेल का हे त्यांना विचारून ठरवा, शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. रॅम निदान २ जीबी असू दे. आणि टीव्ही चार-पाच वर्षांनी स्लो झाला म्हणून बदलू नका, चित्र चांगलं असेल तर मागे ओटीटीची एक स्टिक लावली की काम होतं.

भिंतीचं मात्र मनावर घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा टीव्ही लावायला आलेल्या मुलाने बॉक्समधले साधे प्लास्टिक गट्टू ठोकले, दोन महिन्यांनी ब्रॅकेट एका बाजूने सुटायला लागलं, नशीब वेळेत दिसलं. ड्रिल करताना पडणारी पूड बघायची. लाल पूड म्हणजे वीट, ड्रिल पटकन आत गेलं आणि पांढरट-राखाडी मऊ भुकटी पडली तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलका सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक, आणि ड्रिल आत जायलाच तयार नाही म्हणजे मायवनची, म्हणजे साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत. एएसी ब्लॉकला त्याच्यासाठीच मिळणारे लांब फास्टनरच पाहिजेत, हार्डवेअरवाल्याला एएसी सांगून मागा आणि माणूस यायच्या आधी आणून ठेवा. स्विचबोर्डच्या बरोबर वर-खाली भोक पाडू देऊ नका, आतून वायरची पाइप गेलेली असते. पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते तिकडे तर टीव्ही लावूच नका. उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसल्यावर डोळे साधारण स्क्रीनच्या मध्यावर येतील, खूप वर लावला की मान दुखते.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कोणी जुनी किंमत खोडून मोठा डिस्काउंट दाखवत असेल तर त्यात ही कपात धरली आहे का ते विचारा. एक्स्चेंजची रक्कम, ब्रॅकेट आणि इन्स्टॉलेशन, सगळं मिळून एक आकडा लिहून घ्या आणि तोच आकडा घेऊन दुसऱ्या दुकानात जा. डिलिव्हरीला घरी थांबा. बॉक्स उभाच आणायला सांगा, लिफ्टमध्ये मावत नसेल तर जिन्यावरून पण आडवा नाही, पॅनलला तडा गेला तर तो वॉरंटीत बसत नाही. माणूस जायच्या आधी टीव्ही चालू करून यूट्यूबवरून पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून कोपरे नीट बघा, ठिपका किंवा डाग दिसला तर तिथेच फोटो काढा, आणि बॉक्स थर्माकोलसकट पंधरा दिवस तरी माळ्यावर ठेवा.