दुसऱ्या सत्राची तयारी : प्राथमिक शाळेच्या पालकांसाठी

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्राथमिक शाळेचे दुसरे सत्र सुरू होते आणि सहल, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती परीक्षा, वार्षिक परीक्षा असे वर्षातले बहुतेक मोठे कार्यक्रम याच काही महिन्यांत एकामागून एक येतात. मराठवाड्यात नेमक्या याच काळात रब्बीची कामे, ऊसतोडीचा हंगाम आणि पुढे लग्नसराई असते, त्यामुळे ऐन वेळी घरात कागद शोधायलाही कोणाला सवड नसते. कार्यक्रमांच्या नेमक्या तारखा शाळा फलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कळवतेच. पुढे सांगितलेली तयारी मात्र तारीख कळण्याआधीच करून ठेवण्यासारखी आहे.

पहिली बाब हंगामी स्थलांतराची आहे आणि ती सत्र सुरू होण्याआधीच निकाली निघाली पाहिजे. बीडसह जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील ज्या कुटुंबांचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतो, त्यांनी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाशी उचलीचे, म्हणजे आगाऊ रकमेचे, बोलणे होते त्याच वेळी मुलाच्या शाळेचे काय करायचे हेही ठरवावे आणि गाडीत सामान भरण्यापूर्वी वर्गशिक्षकांना येऊन सांगावे. घरी आजी-आजोबा असतील तर मूल गावातच ठेवणे सर्वांत चांगले. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. परंतु वसतिगृहासाठी मुलांची यादी आधी करावी लागते आणि कुटुंब न सांगता निघून गेले तर मूल त्या यादीत येत नाही. मूल सोबत न्यावेच लागणार असेल, तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत मुलाचे शिक्षण चालू राहावे यासाठीचे पत्र, मागून घ्यावे आणि आधार कार्डाच्या प्रतीसह ते जपून न्यावे. कारखान्याच्या परिसरात पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेत हे पत्रक दाखवून मुलाचे नाव घालावे. शाळा सोडल्याचा दाखला जवळ नाही, एवढ्या कारणावरून शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही; ही गोष्ट पालकांना माहीत असली की तिथले बोलणे सोपे जाते. कर्नाटकातील कारखान्यांवर जाणाऱ्यांनी मूल गावीच ठेवण्याचा विचार अधिक गांभीर्याने करावा, कारण तिथली जवळची शाळा कन्नड माध्यमाची असण्याची शक्यता मोठी असते.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. तिसरी-चौथीतल्या मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी म्हणून कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, नेले जाते आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, कुटुंब परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. आई-वडिलांची अडचण खरी आहे, परंतु तिचा भार त्या मुलीच्या वर्षावर पडतो. तान्हे मूल आजीकडे ठेवता येते का, नात्यातली एखादी मोठी बाई सोबत येऊ शकते का, हे आधी तपासावे आणि मुलीचे नाव शेवटी घ्यावे.

कागदपत्रांचे काम नोव्हेंबरमध्येच उरकावे. मूल पाच वर्षांचे होण्याआधी काढलेल्या आधारात बोटांचे ठसे नसतात. वयाची 5 वर्षे पूर्ण झाल्यावर ठसे, बुबुळे आणि छायाचित्र देऊन ते अद्ययावत करावे लागते आणि 15 व्या वर्षी पुन्हा तेच करावे लागते. पहिली-दुसरीच्या अनेक मुलांचे हे काम राहून गेलेले असते. त्याचबरोबर जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचे दाखलखारीज रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही) या तिन्ही ठिकाणी मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का, हे स्वतः शाळेत येऊन पाहावे. वेलांटीचा फरकही पुढे दहावीच्या अर्जापर्यंत पाठ सोडत नाही आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती दुरुस्ती फार किचकट होते. घरातील मोबाइल क्रमांक बदलला असेल तर नवा क्रमांक वर्गशिक्षकांकडे नोंदवावा.

सहल साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघते. शाळेला त्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतीपत्र लागते, म्हणून संमतीपत्र घरी आले की वाचून, सही करून दुसऱ्या दिवशी परत पाठवावे. त्यात मुलाच्या आजाराची, ॲलर्जीची किंवा चालू औषधांची माहिती लपवू नये. दमा किंवा फिट्स असलेल्या मुलाला सहलीला येऊ देणार नाहीत, या भीतीने काही पालक ती लिहीत नाहीत; प्रत्यक्षात माहिती असली तरच शिक्षकांना त्याला सांभाळून नेता येते. आपल्या भागातील सहल बहुधा वेरूळ, देवगिरी किंवा अजिंठ्याची असते, आणि पालकसभेत दिवस ठरत असेल तेव्हा एवढे लक्षात असावे की वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. दोन्ही ठिकाणी 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. अजिंठ्याला स्वतःची बस लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या फाट्यावर ती उभी करून पुढचे सुमारे 4 किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते, तेव्हा उचलायला जड पडेल एवढे सामान मुलाकडे देऊ नये. देवगिरी किल्ल्याची चढण आणि अंधारी, म्हणजे तिथला काळोखा भुयारी मार्ग, पहिली-दुसरीच्या मुलांच्या आवाक्यातली नाही; लहान वर्गांसाठी जवळचेच ठिकाण निवडावे, असा आग्रह पालकांनीच धरला तर शाळेलाही ते सोपे जाते.

सहलीच्या डब्यात धपाटे किंवा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यावी, कारण हे दिवसभर टिकते; ओली भाजी, दही आणि आदल्या रात्रीचा भात देऊ नये. वेरूळ आणि देवगिरीला माकडे असतात, म्हणून खाऊची पिशवी हातात लोंबकळणारी नको, पाठीवर बंद होणारे दप्तर हवे. पहाटे बस निघताना कडाक्याची थंडी असते आणि दुपारी ऊन तापते, यासाठी स्वेटर आणि टोपी दोन्ही द्याव्यात. बस लागणाऱ्या मुलाचे नाव आदल्या दिवशी सांगावे म्हणजे त्याला पुढच्या बाजूला बसवता येईल. मुलाच्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सोन्याचे कानातले, पैंजण आणि मोबाइल घरीच राहू द्यावेत, आणि हातखर्चाला अगदी थोडे पैसे द्यावेत, कारण ज्याच्या खिशात काहीच नाही असे मूलही त्याच बसमध्ये असते.

आरोग्याच्या बाबतीत तीन गोष्टी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी मुलाचे जुने रिपोर्ट आणि चष्मा सोबत असावा. तपासणीनंतर पुढील उपचारासाठी चिठ्ठी दिली गेली तर ती दप्तरात पडून राहणार नाही याची काळजी घ्यावी. दुसरे म्हणजे लसीकरण : पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात, घटसर्प) लस पालकांच्या लक्षातून निसटते, म्हणून बाळाचे कार्ड काढून पाहावे. तिसरे, 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला दिली जाते. त्या दिवशी मुलाला उपाशी पाठवू नये, आणि ते आजारी असेल किंवा दुसरे औषध घेत असेल तर तसे आधी सांगावे. पोटात जंत असलेल्या मुलाला गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते. त्यावरून गावात अफवा उठवण्याचे कारण नाही.

क्रीडा स्पर्धांसाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. खो-खो, कबड्डी, लंगडी खेळणाऱ्या मुलाची नखे कापलेली असावीत आणि केंद्राच्या किंवा तालुक्याच्या गावी स्पर्धा असेल तर येण्याजाण्याची सोय आधी विचारून घ्यावी. लातूर आणि धाराशिवकडच्या पालकांना वेळा अमावस्येची, म्हणजे शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या सणाची, आठवण करून देण्याची गरज नाही. त्या दिवशी भज्जी आणि आंबील सोडून कोणी सरावाला येणार नाही, हे शिक्षकांनाही ठाऊक असते.

26 नोव्हेंबरला संविधान दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, 12 जानेवारीला जिजाऊ जयंती आणि 26 जानेवारीला प्रजासत्ताक दिन असतो. या दिवसांची भाषणे बहुधा घरची मोठी माणसे मोबाइलवरून उतरवून देतात आणि मूल ती न समजता घडाघडा म्हणते. पाचच वाक्ये असावीत, पण ती मुलाने स्वतः रचलेली असावीत. संविधानाची उद्देशिका मात्र त्याच्याकडून स्पष्ट उच्चारांत म्हणवून घ्यावी. स्नेहसंमेलनासाठी ड्रेपरीवाल्याकडून महागडा पोशाख आणण्याचा आग्रह शाळेने धरू नये आणि पालकांनीही धरू नये. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर आणि फेटा यांवर बहुतेक नाच आणि नाटुकली उत्तम होतात. कार्यक्रम लांबतो, म्हणून लहान मुलांना जेवू घालूनच आणावे, आणि चित्रीकरणासाठी सर्वांनी मंचापुढे उभे राहू नये, कारण मागे बसलेल्या आयांनाही आपले मूल पाहायचे असते.

शिष्यवृत्ती परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत असते. पहिला पेपर प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तास. प्रश्न येत असूनही चुकीचा गोल रंगवल्यामुळे गुण जातात, यासाठी उत्तरपत्रिका भरण्याचा सराव वेळ लावून घरी करून घ्यावा. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि केंद्र दुसऱ्या गावी असेल तर वाहनाची सोय चार पालकांनी मिळून करावी. वार्षिक परीक्षेबाबत पाचवीच्या पालकांनी विशेष सावध असावे. आठवीपर्यंत कोणालाच नापास करत नाहीत, हा समज आता जुना झाला आहे. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या मुलांना वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, परंतु तीतही यश आले नाही तर ते त्याच वर्गात राहते. म्हणून एप्रिलमध्ये लग्नासाठी आठ-आठ दिवस गावाला जाण्याचे बेत परीक्षेचे वेळापत्रक पाहूनच करावेत.

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की मुले उपाशीपोटी येतात आणि परिपाठात भोवळ येऊन खाली बसतात. रात्री लवकर झोपवणे, सकाळी भाकरी-दूध किंवा निदान गूळ-शेंगदाणे देणे आणि पाण्याची भरलेली बाटली पाठवणे एवढे पुरे आहे. शाळेतील पोषण आहार एका प्राथमिक विद्यार्थ्याला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने देण्याच्या हिशेबाने बनतो. तो घरच्या न्याहारीची जागा घेण्यासाठी नाही.

शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पालकांनी निकालाच्या दिवशीच शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्यावा आणि दाखला हातात पडल्यावर शाळेच्या आवारातच प्रत्येक रकाना वाचून पाहावा. ज्यांच्या घरी पुढील वर्षी पहिलीत जाणारे भावंड आहे, त्यांनी एप्रिलमधील शाळापूर्व तयारी मेळाव्याला त्याला घेऊन यावे आणि येताना त्याच्या जन्माच्या दाखल्याची एक प्रत आणावी.