वाचत वाचत शिकणारा प्रोग्राम कसा बांधावा

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये 'नेल' हा प्रोग्राम सुरू केला. रात्रंदिवस वेबपानं वाचायची, त्यांतून तथ्यं वेचायची आणि कालच्यापेक्षा आज बरं वाचायचं, एवढंच त्याचं काम होतं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत असेल तर मराठीवर हा खेळ घरच्या लॅपटॉपवरही मांडता येतो.

१. मराठी विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या लेखांचा एकत्र साठा, मोफत मिळतो. तो उतरवून त्याची वाक्यं सुटी करा.

२. दोन-तीन कप्पे ठरवा: नद्या, गावं, माणसं. प्रत्येकात दहा-पंधरा नावं हाताने भरा. नेललाही सुरुवातीला प्रत्येक कप्प्यासाठी एवढीच नावं दिली होती. नद्यांत पंचगंगा, तापी, वैनगंगा चालतील. कृष्णा आणि गोदावरी नकोत, ती माणसांचीही नावं आहेत.

३. ही नावं मजकुरात शोधा आणि आजूबाजूचे शब्द टिपा. '___ नदीच्या काठी' असा साचा हाती लागला, की त्या जागी येणारी नवी नावं उचला. त्या नावांवरून नवे साचे, साच्यांवरून पुन्हा नावं, अशा फेऱ्या चालू ठेवा. गावांच्या बाबतीत मराठी अडवते. 'पुणे' शोधलं तर 'पुण्यात', 'पुण्याहून' निसटतात आणि प्रत्यय छाटला तर हातात 'पुण्या' उरतं. सामान्यरूपांचा तक्ता करावाच लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

४. आता खरी मेख: काय मानायचं नाही. '___च्या काठी' एवढा सैल साचा घेतलात तर विहीर, तळं, समुद्र सगळ्या नद्या होतील आणि पुढचे साचे त्यांच्यावरून बनतील. नेलने इंटरनेटच्या कुकीज (वेबसाइट आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत टाकल्या; मग लोक कुकीजसारख्याच फाइल्सही डिलीट करतात म्हणून फाइल्सही बेकरीत गेल्या! म्हणून किमान दोन वेगळे साचे साक्ष देतील तेच नाव घ्या, एकच नाव दोन कप्प्यांत जात असेल तर बाजूला ठेवा आणि दर फेरीत मोजकीच नावं पक्की करा.

५. अधूनमधून स्वतः तपासा. पहिल्या ६७ दिवसांत नेलने २,४२,००० हून अधिक तथ्यं जमवली, त्यांतली अंदाजे ७४ टक्के बरोबर होती. पुढच्या-पुढच्या फेऱ्यांत अचूकपणा घसरत गेला. त्यामुळे प्रत्येक नावापुढे ते कुठल्या साच्यातून, कितव्या फेरीत आलं ते लिहून ठेवा. साचा फसवा निघाला, तर फक्त त्याच्याच भरवशावर आलेली नावं एका झटक्यात काढता येतात.