कापशी गवत खाऊ लागली त्याची गोष्ट

आमची सशीण कापशी गोळीखाद्याची वाटी क्षणात फस्त करायची. वाळलेल्या टिमोथी गवताकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी, तसेच आतडी चालती राहण्यासाठी, गवत लागतेच. म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने मी गोळ्या हळूहळू रोजच्या दोन चमच्यांवर आणल्या. खरा फरक पडला तो जागा बदलल्याने: ससे लेंड्या टाकता टाकताच चरतात, हे लक्षात आल्यावर गवताची जुडी मी तिच्या शी-शूच्या ट्रेच्या काठाशी, अगदी नाकासमोर बांधली. पावसाळ्यात सादळलेले, कुबट गवत ती हुंगून सोडून देते (त्यात तिचे काय चुकले?), त्यामुळे आता सकाळ-संध्याकाळ कोरडी, ताजी मूठ घालते. लेंड्याही बारीक राहिल्या नाहीत. टपोऱ्या, गोल आणि पिवळट तपकिरी झाल्या आहेत.