तापमानाच्या आकड्यांवर शंका घेताय? या चुका टाळा

शंका घेणं हा आम्हा संख्याशास्त्रवाल्यांचा धंदाच. पण हवामानबदलाचे आकडे तपासायला बसणारे बरेच जण फाइल उघडायच्या आधीच निकाल लावून मोकळे झालेले असतात. दोन्हीकडचे.

सर्वांत नावडती चूक म्हणजे सोयीचं वर्ष धरून आलेखावर कल दाखवणारी रेघ मारणं. १९९८ साली जबरदस्त एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं; जगाचं तापमान उसळलं. तिथून पुढची १५ वर्षं धरली तर वाढ दशकाला जेमतेम ०.०५ अंश. ‘तापमानवाढ थांबली’ म्हणून तेव्हा केवढा गाजावाजा! तीच १५ वर्षं १९९६पासून मोजा, ०.१४ येतात. उलट २०१६च्या शिखरावर रेघ संपवून लोकांना घाबरवणारेही हेच करतात. मी सुरुवातीचं वर्ष मागेपुढे सरकवून दहाबारा रेघा मारतो. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

दुसरी चूक, हवामान केंद्राचा इतिहास न बघणं. एकदा एक हुशार मुलगा एका केंद्राचे आकडे घेऊन आला. ४० वर्षांत दीड अंश वाढ! “आलेख काढलास का?” म्हटलं, तर म्हणे, “सर, कोड डायरेक्ट स्लोप देतो.” आलेख काढायला लावला. चढ कसला, एका वर्षी सरळ पायरी. शेजारच्या केंद्राचे आकडे वजा केले, तर पायरी आणखी ठसठशीत. आठवडाभर जुन्या वह्या उपसल्यावर शाईतली एक ओळ सापडली: यंत्रं मैदानातून इमारतीलगत हलवली. पायरी काढल्यावर वाढ निम्म्यावर आली. लगेच स्वारी म्हणते, “म्हणजे सगळंच खोटं ना, सर?” अरे बाबा, उरलेली निम्मी शेजारच्या केंद्रातही होती, तिचं काय?

‘दुरुस्ती केली म्हणजे लबाडी केली’ हे त्याचंच भावंड. पूर्वी जहाजावर बादलीने समुद्राचं पाणी वर ओढून तापमान घेत. बादलीतलं पाणी बाष्पीभवनाने गार व्हायचं, म्हणून ते जुने आकडे दुरुस्तीत वर सरकवले. त्यामुळे शतकभराची वाढ कमी दिसते, जास्त नाही. लबाडीच करायची तर अशी उलटी कोण करेल?

बाकीच्या थोडक्यात. लगतची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एक्सेलच्या पी-व्हॅल्यूवर (खरी वाढ नसतानाही असा चढ योगायोगाने दिसण्याची शक्यता) भाळू नका; ती वर्षं स्वतंत्र धरूनच काढलेली असते. भाकीत उचलण्याआधी त्याचं मूळ शोधा. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील हे वाक्य आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७च्या अहवालात शिरलं आणि २०१०मध्ये चूक कबूल करावी लागली. एका केंद्रावरून शहर ठरवू नका: २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही.

आणि सरासरी काढण्याआधी ९९.९ शोधा. नोंद नसली की तापमानाच्या काही फाइलींत तो आकडा भरलेला असतो. चंद्रपूरचा मे कितीही तापला, तरी तिथे चहाचं आधण आपोआप येत नाही.